तीन तळ्यांचे डोहाळे

॥ श्री ॥
अक्कलकोट, ता. २ डिसेंबर १९३४

सौ. सोजरबाई विहीणबाई यांस, बजाबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. वच्छलाला सातवा लागला असून प्रकृती ठीक आहे. पण तुमच्या लेकीने माझ्या जिवाला घोर लावला आहे. लोकांच्या सुनांना आंबट-चिंबट खावंसं वाटतं. हिला म्हणे संस्थानच्या राखीव रानात पायी जाऊन तिथली तीन तळी बघावीशी वाटतात! असले चालण्याचे डोहाळे आमच्या घराण्यात कुणाला लागले नाहीत. तुमच्या सोलापुरात लागत असतील तर कळवा.

गेल्या साली पाचव्या महिन्यात काय झालं ते आपण दोघींनी पाहिलं आहे. म्हणून यंदा मी तिला उंबरा ओलांडू दिलेला नाही. खोकला नको म्हणून चिंचेची बरणीसुद्धा फडताळात कुलूपबंद केली आहे. एकदा तिने मागितली, मी नाही म्हटलं, पुन्हा मागितली नाही. तळ्यांचा हट्ट मात्र सोडत नाही.

शेवटी मी युक्ती केली. डोहाळजेवणाला रानातून फांद्या आणवून अंगणात रोवल्या, तीन परातींत पाणी भरून तीन तळी केली, एकीत कमळ सोडलं. जमलेल्या बायका नुसत्या वाहवा करत होत्या. वच्छलाने खीर-पुरी खाल्ली, तिन्ही परातींत वाकून पाहिलं, फार सुरेख झालंय म्हणाली, आणि हात धुताना मला विचारलं की मग तळ्यांवर कधी जायचं. आता तुम्हीच तिला चार शब्द सुनवा.

लोभ आहेच, लेकीच्या हट्टापायी तो आटू नये ही विनंती.

बजाबाई


॥ श्री ॥
सोलापूर, ता. ७ डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप सौ. विहीणबाईंच्या सेवेशी, सोजरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पावलं. परातींचं वाचून इतकी हसले की चुलीवरचं दूध उतू गेलं, आणि इकडून विचारणा झाली की विहीणबाईंनी एवढं लिहिलंय तरी काय.

चार शब्द सुनवायचे सोडून मी तुमच्यापुढेच पदर पसरते. हा डोहाळा आमच्या घराण्यातला नव्हे, एवढं खात्रीने सांगते. पण मागितलेलं राहून गेलं तर बाळाची लाळ गळते म्हणतात, आणि आमचे जावई रामहरीराव शाळेत जाईपर्यंत लाळेरं बांधून होते हे तुम्हीच मला लग्नात सांगितलंत!

गुलबानो सुईणीला विचारा. ती हो म्हणाली तर न्या. भीती मलाही वाटते, गेल्या साली तिच्या उशाशी मीच होते. पण त्यानंतर पोर मनापासून हसलेली मी ऐकली नाही. एकच मागणं आहे. तिला दुसऱ्या कुणाबरोबर न पाठवता तुम्ही स्वतः जा.

लेकीवर आहे त्यातला थोडा लोभ तिच्या आईवरही ठेवावा.

आपली, सोजर


॥ श्री ॥
अक्कलकोट, ता. १५ डिसेंबर १९३४

सौ. सोजरबाई यांस, स. न. वि. वि.

जाऊन आलो! गुलबानो म्हणाली की चालणं चांगलंच, घरात बसवूनच तुम्ही तिला आजारी पाडाल. रानाचा रखवालदार ईश्वरप्पा म्हणाला की वाट लई सोपी हाय, आमची म्हातारी म्हस बी रोज जाती की. म्हशीशी बरोबरी झाल्यावर नाही कसं म्हणणार? नाक्यापर्यंत बैलगाडी, तिथून पायी. वच्छलाचा दंड मी धरला होता, गुलबानो मागून येत होती. चढ नाही, काटे नाहीत, वर पळसाची सावली.

पहिलं तळं आलं तशी तुमची लेक झाडाखाली ऐसपैस बसली आणि म्हणाली की माझं झालं, मी इथे गुलबानोजवळ बसते, पुढची दोन तुम्ही बघून या. मी रागावले. हट्ट कुणाचा होता? ती खुदुखुदू हसत राहिली. मग ईश्वरप्पाच्या मागून मीच गेले. दुसऱ्या तळ्यात टिबुकल्या, ती चिमुकली पाणपाखरं, बुड्या मारत होत्या. तिसऱ्याच्या काठी मी वहाणा काढल्या आणि पाण्यात पाय सोडून बसले, या वयात! ईश्वरप्पा दोनदा खाकरला तेव्हा कुठे उठले. एवढी वर्षं या गावात काढली आणि हाकेच्या अंतरावरचं हे बघायचं राहूनच गेलं होतं. का कुणास ठाऊक, रडू आलं.

वच्छला सुखरूप आहे, रात्री दोन भाकरी खाऊन झोपली. पण हा कसला डोहाळा हो, जिचा तिनेच अर्ध्यावर सोडला?

कळल्यास कळवावे, लोभ वाढतोच आहे.

बजाबाई


॥ श्री ॥
सोलापूर, ता. २० डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप विहीणबाईंच्या सेवेशी, साष्टांग नमस्कार. वि. वि.

वच्छलाने मला शपथ घातली होती, ती मोडते.

दिवाळीत मी तिला भेटायला आले तेव्हा तिने सांगितलं. वाकळ शिवताना तुम्ही तिला म्हणाला होतात की रामहरीराव पोटात असताना गल्लीतल्या बायका गाड्या जोडून त्या तळ्यांवर आवळीभोजनाला निघाल्या. तुम्हालाही फार जावंसं वाटलं. पण डोहाळे खायचे असतात, चालायचे नसतात, असं तुम्हाला ऐकावं लागलं, आणि गाड्या दिसेनाशा होईपर्यंत तुम्ही परसदारी उभ्या होतात. एवढं सांगून तुम्ही तिच्याकडे दोरा मागितलात, आणि मग विसरूनही गेलात.

मी तिला रागावले की डोहाळे असे दुसऱ्याचे मागायचे नसतात. तर ती म्हणाली की सासूबाईंना आता कोण विचारणार, मला सध्या सगळे विचारताहेत, तेवढ्यात मागून घेते.

मायलेकींवर राग नसावा, लोभ असावा.

आपली, सोजर


॥ श्री ॥
अक्कलकोट, ता. २४ डिसेंबर १९३४

प्रिय सोजर हिस,

आता अहो-जाहो पुरे झालं. तुझं पत्र वाचून देवघरात जाऊन बसले. खूप रडले, लपवत नाही. मग वच्छलाला समोर बसवून विचारलं की पोरी, माझं झालं, आता तुझं काय ते सांग. ती खाली बघत म्हणाली की काही नाही. गुलबानोनेच सांगून टाकलं की रोज फडताळाकडं बघती की ती.

किल्ली कालपासून तिच्या कमरेला आहे. आज बरणी अर्धी झाली. थोडा खोकलाही झालाय, होऊ दे. सोलापूरची चिंच लवकर पाठव.

रीतीप्रमाणे बाळंतपणाला तिला न्यायला येशील, तेव्हा गाडीत दोघींची जागा ठेव. मी तिला एकटीला पाठवणार नाही.

लोभ आहे, त्याला आता विनंती कशाला.

तुझी, बजा