सायकलस्वाराचा पत्ता

दि. ४ मार्च

चि. बारक्यास मामाचे अनेक उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पत्र एवढंसं, पण त्यात दोन नवे इंग्रजी शब्द, म्हणजे माझी शिकवणी वसूल. पानावर काय कुठे बसेल त्याचा आराखडा म्हणजे ‘डमी’, आणि बातमीवर बातमीदाराचं नाव म्हणजे ‘बायलाइन’. पाठ झालं. काल भाजी करपली तेव्हा हिच्यावर बायलाइन कोणाची, असं मी विचारलं. मामीने मला वाढलंच नाही.

आता कामाचं. तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांच्या कॉलमात तो ‘एक सायकलस्वार’ माझ्याशी भांडतो ना? चौकातलं बंद घड्याळ तो पाडा म्हणतो, मी दुरुस्त करा म्हणतो. गडी हुशार आहे. रविवारी तर त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली, तीही छापील. निवृत्त झाल्यापासून माझं मत इतकं मन लावून कोणी खोडलं नव्हतं. त्याला चहाला बोलवायचं ठरवलंय, मामीने नवे कपही काढून ठेवलेत. तुमच्या ऑफिसात त्याचा पत्ता असेलच, तेवढा कळव.

लोभ आहेच. तो वाढायला हवा असेल तर पत्र जरा लांब लिहीत जा.

तुझा,
मामा


दि. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधी सांगतो, मग मार खातो. मामांचा सायकलस्वार म्हणजे मीच.

त्याचं असं झालं. वाचकांची पत्रं येईनाशी झाली होती. डेडलाइन डोक्यावर आणि डमीवर निम्मा कॉलम पांढरा. वरिष्ठ म्हणाले, फिलर टाक. फिलर म्हणजे जागा भरायला हाताशी ठेवलेला मजकूर. एरवी आम्ही कोडं टाकतो, त्या दिवशी मी एक वाचकच तयार केला. घड्याळ पाडा म्हटलं की कोणीतरी चिडेल आणि पत्रं येतील, असा माझा हिशेब. चिडले ते आपलेच मामा.

त्यांचं अक्षर ओळखलं तेव्हाच थांबायला हवं होतं. पण गंमत वाटली गं. डेस्कवर सगळे विचारायचे, आज मामा काय म्हणतात? मी वाचून दाखवायचो आणि आम्ही हसायचो. हे लिहिताना कान तापलेत.

आता मामा पत्ता मागतायत. सायकलस्वार कायमचा परगावी गेला असं कळवू का? तू म्हणशील तसं करतो.

हे वाचूनही माया उरली तर थोडी माझ्यासाठी ठेव.

बारक्या


दि. १७ मार्च

ती. मामांस बारक्याचा शि. सा. न.

ताईने मला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाली, सायकलस्वाराला परगावी पाठवलंस तर मामा स्टेशनवर निरोप द्यायला जातील, त्यापेक्षा खरं काय ते लिही. म्हणून लिहितो.

सायकलस्वार नावाचा कोणी वाचक नाही. ती पत्रं मी लिहिली, कॉलम भरायला. तुमची पत्रं मी डेस्कवर वाचून दाखवली आणि आम्ही हसलो. कॉलमासाठी पाठवलेल्या शेवटच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की दुपारी मामी झोपली की घरात बोलायला कोणी नसतं, म्हणून या पत्रांची वाट पाहतो. त्यावर कोणी हसलं नाही. तरी जागा कमी पडली तेव्हा मी नेमकं तेच वाक्य कापलं.

वरिष्ठांना सगळं सांगितलं. उद्याच्या अंकात खुलासा येईल, त्याला आमच्याकडे ‘करेक्शन’ म्हणतात. त्यात तुमचं नाव नाही. मला तोंड दाखवायला जागा नाही, आणि मामीला कप आत ठेवायला सांगा, हे लिहायला हात धजत नाही.

रागवा, पण पत्र बंद करू नका, एवढी विनंती.

बारक्या


दि. २९ मार्च

चि. बारक्यास आ.

खुलासा वाचला. मामी थट्टा करेल असं वाटलं होतं. तिने नुसते कप आत ठेवले. थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

लाज मलाही वाटली. बाजारात निघालो आणि दारातून परत फिरलो. भेटेल तो म्हणेल, म्हातारा इतके दिवस हवेशी भांडत होता. सायकलस्वाराच्या पत्रांची कात्रणं फाडून टाकायला काढली, पण आधी एकदा वाचली. मग तुझी पत्रं काढली आणि शेजारी ठेवली. तुझ्या पत्रांत दोन-तीन शब्द, त्यांचे अर्थ, आणि तब्येत सांभाळा. त्याच्या पत्रांत माझा एकेक मुद्दा घेतलेला, पटलं तिथे पटलं म्हटलेलं, आणि गुडघ्याला शेक कसा द्यायचा तेसुद्धा.

कात्रणं फाडली नाहीत. रागावलोय, आणि काही दिवस रागावलेलाच राहणार आहे. फक्त एक सांग. परका माणूस होऊन तू मला इतकं मन लावून लिहिलंस, मग भाचा होऊन का नाही लिहिलंस?

उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
मामा