हीटरमधली कुंभारीण

प्रिय कलावती,

सकाळपासून अंगणात येरझारा घालून पाय भरून आले, म्हणून शेवटी कागद घेऊन ओट्यावर बसलो. तुझी गाडी काल दुपारी दारातून गेली. महेश चालवत होता, शेजारी रेणुका. तुझ्या माहेराच्या वाटेवर, बिलोलीच्या अलीकडं मांजरेकाठी ते मुक्कामाला आहेत. आता उठले असतील. सूनबाई आंघोळीसाठी हीटर पेटवेल, आणि मी इथं चाकूरला फोनकडं बघत बसलोय. ही धाकधूक तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

खरं तर गोड बातमी आधी सांगायला हवी होती. रेणुकाला सहावा लागलाय. मागचं राहिलं नाही तेव्हा तू तिच्या उशाशी बसून होतीस, आठवतं ना? त्यामुळं या खेपेला घरात सगळेच पाय न वाजवता चालतात. गिरजाक्कानं तिला डोहाळे विचारले. तुझ्या या नणंदेला वाटलं, चिंचा मागेल, भेंड-बत्तासे मागेल. ही तुझी आठवण काढून म्हणाली, "मला आत्याबाईंच्या गाडीत नदीकाठी झोपायचंय. आन् सकाळी त्यांच्या हीटरच्या कढत पाण्यानं आंघोळ करायचीय."

आता डोहाळ्याला नाही कसं म्हणायचं? पोटातलं बाळ मागतंय म्हणतात. पण तू गेल्यापासून तो हीटर कुणी पेटवलाच नव्हता.

शाळेची मुलं नेणारी ती जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आपण घेतली, तेव्हा अख्खी गल्ली हसली होती. तू तिच्यात दोन पलंग बसवलेस, ओटा केलास आणि मागच्या कोपऱ्यात गॅसवरचा तो हीटर. लोकांच्या घरी बायका दिवाळीला फराळ करतात, तू आधी हीटर धुवायचीस. मी खिडकीत बसून शाळेतल्या कविता म्हणायचो. तू खालून ओरडायचीस, "महेशच्या अप्पा, कविता पुरे. पाना द्या." पाना म्हणून मी पक्कड दिली की तुझा तो उसासा! तोसुद्धा ऐकायला मिळत नाही आता.

परवा तुझ्याच पद्धतीनं सुरुवात केली. आधी गॅस बंद, मग पाणी गार, मग पाना. तुझं हे वाक्य मी पाठांतराच्या चालीत बसवून घेतलंय, म्हणजे विसरत नाही. टाकीचं बूच काढलं तर आतली सळई चघळून टाकलेल्या उसासारखी झालेली. तूच सांगितलं होतंस, बोअरच्या पाण्यानं टाकी खाऊ नये म्हणून ती सळई आपलं अंग देते. नवी बसवली. टाकीत व्हिनेगर घालून ठेवलं, मग धुतलं, तर चुन्याच्या पापुद्र्यांचा नुसता ढीग पडला. इथपर्यंत मी खूश होतो. तू बघायला हवी होतीस असं सारखं वाटत होतं.

मग हीटर पेटवला, आणि ज्योत पिवळी आली. लांबडी, हलणारी, टोकाला काजळी. तुझं दुसरं वाक्य आठवलं. निळी ज्योत आपली, पिवळी परक्याची. पिवळीत गॅस नीट जळत नाही, त्याचा धूर विषारी, आणि त्याला वाससुद्धा नसतो. हीटरचा धूर बाहेर पडतो त्या तोंडाच्या वरच तर खिडकी आहे. थंडीचे दिवस, दारं लावलेली, आत पोटुशी पोर. मी लगेच बंद केला.

बॅटरी लावून ज्योतीला हवा पुरवणाऱ्या नळीत बघितलं. आत कुंभारणीचं घर! त्या निळ्या-काळ्या माशीनं मातीची गोळी गोळी आणून लिंपलेलं. श्रावणात ती गाडीभोवती घिरट्या घालायची, तेव्हा मीच सगळ्यांना सांगितलं होतं, तिला हुसकू नका. तुझाच नियम ना तो? कुंभारीण घरात घर बांधते तेव्हा घरात पाळणा हलणार असतो, आणि पोटुशी बाई असेपर्यंत ते घर मोडायचं नाही. रेणुकाची बातमी त्याच महिन्यात आली. मग मी काय समजायचं होतं, सांग!

आता तुझे दोन नियम एकमेकांसमोर उभे, आणि तू नाहीस. असं अडचणीत टाकून जातं का कुणी?

गिरजाक्का दारातूनच म्हणाली, "हात लावू नको, शिवा. मागल्या खेपेचं इसरला काय? पोरीला दुसरं काहीतरी माग म्हणावं."

महेश म्हणाला, "अप्पा, पाणी तर तापून राहिलं होतं की. पिवळी तर पिवळी. वरण शिजवायचंय का तिच्यावर?"

"तुझ्या आईनं ऐकलं असतं तर कान धरला असता तुझा," मी म्हणालो.

"आईनं कुंभारणीचं घर मोडू दिलं असतं का?"

शाळेच्या पुस्तकात पाखरांच्या घरट्यांवर किती कविता होत्या, मला अजून तोंडपाठ आहेत. अशा वेळी काय करावं, ते एकीतही नाही.

तेवढ्यात रेणुका आली. आम्ही तिच्यापासून लपवत होतो, तिनं सगळं ऐकलं होतं. बॅटरी घेऊन वाकून बघितलं. एका खोलीला भोक होतं, तिथलं पिल्लू उडून गेलेलं. दुसरी खोली अजून बंद होती.

"मोडायचं कशाला?" ती म्हणाली. "मलाबी पुढच्या महिन्यात उमरीला पाठवणारच ना तुम्ही? पहिलं बाळंतपण माहेरी. मग हिलाबी पाठवा."

अक्का म्हणाली, "आगं, कुंभारणीला कुठलं आलंय माहेर?"

"जिथनं माती आणली, तिथं."

कलावती, अक्कानं पदर खोचला आणि फडकं भिजवायला घेतलं.

गॅस बंद करून, गार होऊ देऊन नळी सोडवली. तिला ओलं फडकं गुंडाळून बसलो. माती जरा सुटल्यावर रेणुकानं केसातली पिन काढून कडेकडेनं फिरवली. मी नुसती नळी धरली. कड थोडी ढासळली. पण बंद खोली अखंड निघाली. हौदाच्या गळतीनं जिथं चिखल असतो, त्याच्या वरच्या कोनाड्यात अक्कानं ती आपल्या हातानं ठेवली आणि वर चिमूटभर विभूती टाकली. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

नळी ब्रशनं घासून बसवली. ज्योत निळी आली. तरी काल गाडी निघताना मी महेशला तीनतीनदा बजावलं, पलीकडची खिडकी फटभर उघडी ठेव, पिवळं दिसलं की बंद कर. तो हाव हाव म्हणत गेला. पण रस्त्याच्या खड्ड्यांनी नळी हलली असेल तर? आणि त्या बंद खोलीला जागा बदललेली सोसलीच नाही तर? रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झालो.

लिहिता लिहिता थांबलो होतो, फोन वाजला. रेणुकानं ज्योतीचा व्हिडिओ पाठवलाय. मी पुनःपुन्हा बघितला, पण डोळ्यांवर भरवसा बसेना. ही निळीच, का सकाळच्या उजेडाचा भास? शेवटी फोन गिरजाक्कापुढं धरला. तिनं चष्मा चढवला, बराच वेळ बघितलं.

"निळीच हाय रे," ती म्हणाली. "महादेवाच्या गळ्यावानी."

मग रेणुका फोनवर बोलली. आंघोळ झाली, पाणी लई कढत होतं, पाठीला बरं वाटलं. आणि बाळ हललं, म्हणाली.

बाळ हातात येईपर्यंत माझी भीती जायची नाही, हे तुला ठाऊकच आहे. कोनाड्यातली ती खोली अजून बंदच आहे. मी रोज लांबूनच बघीन, हात लावणार नाही. गाडी परत आली की हीटरच्या तोंडाला बारीक जाळी बसवीन, म्हणजे पुन्हा कुणाला आपलं घर उचलायची पाळी यायची नाही. आणि उमरीहून बाळ-बाळंतिणीला आणायला तुझीच गाडी जाईल. निघण्याआधी ज्योत मी बघीन, आणि माझ्यानंतर अक्का बघेल. हा माझा शब्द.

तुझेच,
महेशचे अप्पा