उरलेल्या गोळ्यांचा डबा

धाकट्या,

काल हॉस्पिटलात मी तुझ्या डोक्यात गोळ्यांचा डबा घातला, तुला सहा टाके पडले. माफी मागत नाही. का मारलं हे तुला अजून कळलेलं नाही, म्हणून लिहिते.

तू सहली नेतोस त्या बसमध्ये कुणाला जुलाब लागले की तू अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या द्यायचास. जुलाब थांबले की उरलेल्या परत डब्यात. "पूर्ण कोर्स कशाला गं ताई, बरा झालाय तो!" अर्धवट मारलेल्या जंतूंतले जे वाचतात, ते त्या औषधाला पुरून उरतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात.

मग तुझ्याच बसमध्ये आपली थोरली अक्का आजारी पडली. तपासणीत डब्यातलं एकही औषध तिच्या जंतूंवर चाललं नाही. जंतूंचं विष रक्तात भिनलं. भ्रमात नळ्या उपटायची म्हणून हात पलंगाला बांधलेले, किंचाळतच तिनं जीव सोडला. आणि तू म्हणालास, "बाहेरचं पाणी बाधलं असेल." तेव्हा माझा हात उठला.

जंतुशास्त्र शिकलेली मी, तरी दर सहलीला तो डबा मीच भरून दिला. पहिला घाव मलाच बसायला हवा होता.

हे पत्र तुला धाडणार नाही.

तुझी ताई

आज डॉक्टरांच्या हाती दिलं: पोचा आलेला डबा – एक; अर्धवट स्ट्रिप – एकोणीस; डबा भरणारीचं नाव – माझ्या अक्षरात.