मोईनचा वाघ

१५ ऑगस्ट १९४८, रविवार

कागद परत आला नाही!

नारायणगुड्याला हिम्मतराव मास्तरांच्या ओसरीवर आज आम्ही तिघंच — मास्तर, प्रमिलाताई आणि मी. मोईन आला नाही. दर रविवारी ज्याने त्याने आपली चित्रकथा आणायची, सगळ्यांनी बघायची, मग ती ओळखीच्या घरांतून फिरते. शेवटी जो ठेवतो, त्याने ती परत आणायची. या खेपेला मोईनची पाळी होती.

चित्रं त्यांची, बोलण्याच्या फुग्यांतले शब्द मात्र सगळ्यांचे मीच लिहितो. शाळा सातवीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही, आणि हात वळणदार.

कागद कुठला, तर मोईनचाच. वाघ! गणवेशातला, तलवारवाला, बाजारात पंजा उगारून उभा. आठ चौकटी, आठही भयंकर. आणि प्रत्येक फुग्यात माझ्या अक्षरात एकच शब्द — म्याऊ.

गणवेश कोणाचा ते सगळं शहर ओळखेल. त्या लोकांचं नाव मी इथे लिहीत नाही.

१८ ऑगस्ट

सकाळी आबिड्सला पाट्या रंगवायच्या दुकानावर जाताना पहिल्यांदाच नीट बघितलं. कापडवाल्याची पाटी, चष्मेवाल्याची, घड्याळवाल्याची — सगळ्या मीच रंगवलेल्या. माझा ‘म’ लांबूनही ओळखू येतो. कागद कोणाच्या हाती लागला, तर मला शोधायला चौकशीचीही गरज नाही. मान वर केली की झालं.

१९ ऑगस्ट

आज सगळे ‘म’ मुद्दाम वाकडे काढले. मालक लक्ष्मणराव ओरडले, “काय रे, भांग घेऊन आलास का? पूस ते!”

पुसले.

२२ ऑगस्ट, रविवार

मोईन आजही नाही. मास्तर आवाज खाली आणून म्हणाले, “त्याचे चाचा त्या लोकांत सामील झालेत. तो आणि त्याची अम्मी चाचांच्याच घरात राहतात.”

“मोईन तसा नाही,” प्रमिलाताई म्हणाल्या.

“मोईन नसेल. घर तसं झालंय ना!”

आई म्हणते, दिवस बरे नाहीत, सोलापूरला मामाकडे जा. कागदाचं तिला सांगितलेलं नाही. जावं का? मी गेलो आणि तिलाच धरलं तर?

२७ ऑगस्ट

मोईन दुकानावर आला! पाटीचा भाव विचारायचं निमित्त करून.

मालकांची पाठ वळल्यावर म्हणाला, “डरो नक्को भाई. तुमारे हरफां जल गए.” म्हणजे माझी अक्षरं जळाली.

त्याने सांगितलं, चाचा त्याची कागदांची पेटी उघडायला निघाले होते. वाघ फाडायला त्याचा हात होईना. मग त्याने कात्री घेऊन आठही फुगे कापले आणि चुलीत टाकले. मागून पांढरा कागद चिकटवला.

“मेरा शेर रह गया. तुमारी म्याऊ गई.”

त्याला हसू येत होतं. मला आलं नाही. पण घरी जाऊन पोटभर जेवलो, कितीतरी दिवसांनी.

५ सप्टेंबर, रविवार

मोईन मास्तरांकडे आला. चाचांना कागद सापडला — आणि आवडला! “शाबास! क्या शेर बनाया रे!” फुगे म्हणजे त्यांना चंद्र वाटले. “हर जगे चाँद कायकू बनाया बोले,” मोईन सांगत होता. चाचांनी कागदाला चौकट करून पुढच्या दालानात टांगलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

मास्तर हसून हसून खोकले. प्रमिलाताईंनी फक्त विचारलं, “गल्लीतले लोकही बघतात ना तो?”

“हौ ताई, सब देखते.”



१४ सप्टेंबर

सरहद्द ओलांडून हिंदी फौज निघाली म्हणतात. दुकान बंद. दाराला आतून फळी लावली.

१७ सप्टेंबर

संपलं! त्या लोकांचं राज्य गेलं, रेडिओवर सांगितलं. रस्त्यात माणसंच माणसं. आई रडली. आज झोपेन.

१९ सप्टेंबर, रविवार

मोईनचे चाचा पळून गेले. मलकपेठच्या घरात मोईन आणि त्याची अम्मी दोघंच. काल गल्लीतले लोक काठ्या घेऊन दारात गेले होते — “शेर काढणारा तो हाच! त्यांचा चित्रकार!” सोमवारी परत येतो, म्हणून गेलेत. प्रमिलाताईंचे भाऊ तिथेच होते, त्यांनी ऐकलं.

मास्तर म्हणाले, “आपण जाऊन सांगू, ती थट्टा होती.”

“कशावरून?” प्रमिलाताई म्हणाल्या. “थट्टा होती ती शब्दांत. नुसता वाघ बघितला तर वाघच आहे तो.”

दोघं माझ्याकडे बघत होते. मी चटईकडे बघत बसलो. शब्द जाळले म्हणून मी वाचलो. जाळले म्हणूनच तो अडकला. पण त्या गर्दीपुढे कोण जाणार? मी नाही. माझ्याने होणार नाही!

दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे. काळा रंग आहे, बारीक कुंचला आहे.

२० सप्टेंबर, मलकपेठ

मोईनच्या घरातून लिहितो आहे. आठही फुगे भरले. ‘म’ सरळ, टपोरा. खाली पहिल्यांदाच नाव घातलं — चित्रं मोईनची, अक्षरं नरहरची. कागद दाराला बाहेरून लावला आणि आत येऊन बसलो. मोईन अम्मीचा हात धरून आहे.

माणसं आली. एकजण मोठ्याने वाचतोय — म्याऊ. परत, म्याऊ.

कोणीतरी हसलं!