माहेरी विचारायचं राहिलं

१४ मार्च १९८८
अंबरनाथ पश्चिमेचं नर्सिंग होम. मांजर्लीची सुनंदा, बावीस वर्षांची. मोरीत घसरून खांदा निखळला. भूल, स्नायू सैल करायला स्कोलीन, सांधा बसवायचा. दोन मिनिटांचं काम. नेहमीप्रमाणे विचारलं, घरात कुणाला भुलीचा त्रास? सासूच पुढे. ‘‘आमच्यात कुनाला नाय, डाक्टरीनबाई.’’ झालं माझं समाधान.
स्कोलीनने श्वासही थांबतो, पण ते पाच मिनिटांत उतरतं. पाऊण तास झाला तरी श्वास नाही. हाताने श्वासाची पिशवी दाबत बसले. नाडी चांगली, रंग चांगला, श्वास नाही. दुसरा उपायच नाही, दाबत राहायचं. अडीच तासांनी छाती आपली आपण हलली. रडू आलं मला, सिस्टरसमोर.

१५ मार्च
सुनंदा म्हणते, ‘‘मॅडम, मना समदा आयकू येत होता. डोलं उघरत नव्हतं.’’
आता उठेल, आता उठेल म्हणून सुरुवातीला झोपेचं पुढचं औषध दिलंच नव्हतं मी. पाऊण तास. लाज वाटते.

१६ मार्च
सोनिवलीहून तिची आई आली. सुनंदाच्या भावाचं अपेंडिक्स काढताना अस्संच झालं होतं म्हणे! मग सुनंदा बोलली का नाही? सासरच्यांसमोर कशी बोलणार, आई म्हणाली. आणि मी तरी माहेरी कुठे विचारलं?
दोष रक्तातला, धाकट्या बहिणीला, शोभालाही असू शकतो. तिचं मे महिन्यात लग्न. दोघींसाठी चिठ्ठ्या लिहिल्या, ‘हिला स्कोलीन देऊ नये.’ आईने एकच घेतली. ‘‘धाकटीची नको. सोयरीक मोरंल.’’

२ एप्रिल
उल्हासनगर ते बदलापूर भूल देणारे आम्ही मोजून सहा. बाकी पाचही जणांना सांगून ठेवलं, सोनिवलीची शोभा आली तर स्कोलीन नको. जरा हलकं वाटलं.

९ मार्च १९८९
सुनंदा बाजारात भेटली. शोभा उल्हासनगरला दिली, दिवस भरत आलेत. मग सहजच म्हणाली, ‘‘आता शोभा कोन बोलतं तिला? लग्नात नाव बदललं ना.’’
नवं नाव विचारलं. मान खाली. ‘‘आईनं शपथ घातलीय, मॅडम.’’ भर बाजारात ओरडले तिच्यावर. नाही ते नाहीच सांगितलं.
मूर्ख मी. माझंही लग्नात बदललंच होतं की.

२१ मार्च
उल्हासनगर. घाईचं सिझेरियन. मीनल, एकोणीस वर्षांची. माहेर कुठलं गं? सासू म्हणाली, ‘‘इथलंच.’’ म्हटलं, तिला बोलू द्या. पोरगी सासूकडे बघत राहिली. बाळाचे ठोके मंदावत होते, सर्जन चिडलेला. स्कोलीनची सिरिंज बाजूला ठेवली, पाठीत सुई देऊन भागवलं. मुलगी झाली. दोघी ठीक.
शोभा असेल, नसेल. दर वेळी पाठीतल्या सुईवर भागणार नाही. आणि बाकीचे पाच जण अजून शोभाच यायची वाट बघताहेत.