सुट्टीत येणारा दादा

बिश्केक

चि. ऐतुरगान,

प्रथम तक्रार नोंदवतो. मुलांचं समुपदेशन शिकवायचं म्हणून आम्हा पन्नाशीच्या शिक्षकांना बालवाडीच्या खुर्च्यांवर बसवतात. विनय गुडघ्यांतून चढतो, असा इथला सिद्धांत दिसतो.

काल सरावात मी समुपदेशक झालो आणि गणिताच्या बुरमाबाई तेरा वर्षांची मुलगी झाल्या.

"घरी कोण कोण असतं, बाळ?"

"आई-बाबा. म्हणजे आजी-आजोबाच हो, थोरली ना मी! आणि शहरात एक दादा आहे. सुट्टीत चॉकलेटं आणतो, चहा पितो नि पळतो."

सगळे हसले. आपल्या किरगिझांत घरोघरी असा एक दादा असतो. पहिलं मूल आजी-आजोबांच्या ओटीत घालायची रीत; मग खरा बाप त्या घरात दादा ठरतो. तुलाही मी तसंच दिलं. हे तुला कोणी सांगितलेलं नाही, आणि तुला ठाऊक नाही असंही नाही.

मला पुढचा प्रश्न सुचेना. नुसता बसून राहिलो. प्रशिक्षक बाई खूश झाल्या. "सुयुनबेककडून शिका जरा! याला म्हणतात ऐकणं." खरं तर मला काहीच वाटत नव्हतं.

हिवाळ्यात बाबा गेले. तू त्यांना बाबा म्हणायचीस, मीही. तेव्हापासून तू बोलत नाहीस, असं आई कळवते. रविवारी तुला कायमची इकडे आणायला येतोय. पत्र आई सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचेल, म्हणून हे टाकत नाही.

भीती एकच आहे. तू बाबांसाठी रडशील, आणि तुझा बाप शेजारी उभा राहून दादासारखी पाठ थोपटेल.

सुयुनबेक