विनवणीचं गाणं

बारामती,
१४ डिसेंबर २०२५

आदरणीय राजेश्वरीबाईंना,
अंथुर्ण्याच्या शाळेतल्या आफताब बागवानचा सलाम.

नाशिकला मुलाकडं तुमचं बरं चाललं असेल. गुडघा कसा आहे? इकडं सगळं ठीक. कारखाने सुरू झालेत, उसाच्या ट्रॅक्टरांमुळं रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागतात. माझी बायको करिमा अजून शिवणकाम करते. मुलगी शबीना फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या बँडलाही यंदा चांगल्या सुपाऱ्या आहेत. माझी तब्येत बरी आहे.

उन्हाळ्यापासून तुमचे चार फोन आले, मी एकही उचलला नाही. शेवटी तुम्ही मेसेज केलात, "आफताब, माझं काही चुकलं का?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. काय झालं ते लिहितोच. पण तीस वर्षं सांगायचं राहिलेलं आधी सांगतो.

नववीत मी इंग्रजीत दोनदा नापास झालो. तुम्ही ओरडला नाहीत. घरून टेपरेकॉर्डर आणलात आणि बोटीवर नोकरीला असलेल्या भावानं दिलेल्या कॅसेटी लावल्यात. अमेरिकेतल्या काळ्या माणसांची गाणी. फळ्यावर तुम्ही 'सोल' लिहिलंत आणि मी अर्थ विचारला.

"आत्मा," तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "आत्मा नको. जीव म्हण. जीव ओतून गातात ना, ते."

त्यांचे पणजे-खापरपणजे कापसाच्या रानात गुलाम म्हणून राबले, प्रार्थना गाता गाता तगले, आणि पुढं नातवंडांनी त्याच आवाजात प्रेमाची गाणी म्हटली, हे तुम्ही सांगितलंत. उरुसातल्या कव्वालीसारखं का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, तसंच, फक्त त्यांची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडते. तास संपेपर्यंत आम्ही पन्नास पोरं टाळ्या चुकवत होतो.

त्यातलं एक विनवणीचं गाणं तुम्ही माझ्याकडून शब्द न् शब्द घोटून घेतलंत. अगदी हळू सुरू होतं आणि शेवटाला गाणारा गुडघ्यावर आल्यासारखा वाटतो, ते. मी इंग्रजीत पुढंही काठावरच राहिलो, पण ते गाणं मला सुटलं नाही.

पंचवीस वर्षं बँडमध्ये गायलो. दर सीझनला नवं गाणं गाजतं आणि पुढच्या सीझनला आमचं आम्हालाच त्याचा कंटाळा येतो. तुमची गाणी मी गाडी चालवताना एकटाच म्हणायचो. ती कधी शिळी झाली नाहीत. असं का, ते मला यंदा इंदापुरात कळलं.

फेब्रुवारीत तिथं एक लग्न होतं. माझा आवाज दोन महिने बसलेला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून पुढची तारीख दिली होती. कशाची, ते मी बँडात कुणाला सांगितलं नव्हतं. वरात झाली, जेवणं उरकली, मांडवात थोडीच माणसं उरली. मी कॅसिओवाल्या परवेजला सूर द्यायला सांगितला आणि तेच गाणं धरलं. आवाज फाटत होता. पण बाई, त्या गाण्याला तसाच आवाज शोभला.

संपलं तेव्हा नवरीचे आजोबा, सावळारामआबा, काठी टेकत माझ्यापाशी आले.

"कुठलं रं हे?"

"अमेरिकेतलं हाय, आबा. लई जुनं."

"काय म्हणतोय त्यो?"

"जाऊ नको म्हणतोय. राहा म्हणतोय."

आबा खुर्ची ओढून बसले. दिवाळीत त्यांची मंडळी वारली होती, हे मला मागाहून समजलं. ते एवढंच म्हणाले, "परत म्हण."

मी परत म्हटलं. आबांना त्यातला एक शब्दही येत नव्हता. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

तेच माझं शेवटचं गाणं.

मार्चमध्ये पुण्याला ऑपरेशन झालं. तंबाखूनं घशात गाठ धरली होती, स्वरयंत्र काढावं लागलं. आता श्वास गळ्याच्या भोकातून घेतो. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालंय, पण तो घरघरता आवाज तुमच्या कानावर जाऊ द्यायला मन धजेना. म्हणून फोन घेतला नाही. तुम्हाला वाटलं, तुमचंच काही चुकलं.

चार महिने मी कोपरा धरून बसलो. गाणं लागलं की उठून जायचो. एकदा शबीना भाकऱ्या थापताना तेच गाणं गुणगुणत होती. लहानपणापासून माझ्याकडून ऐकलेलं. ताल चुकत होता. मला राहवेना. ओट्यावर हात आपटून मी तिला ठोका दाखवला. तिनं मागं वळून पाहिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. भाकरी करपली, करिमानं ती तव्यावरून उतरवून बाजूला ठेवली. गेल्या महिन्यात सांगवीच्या एका लग्नात शबीनानं ते लोकांसमोर म्हटलं. मी शेजारी उभा राहून ताल धरला.

आवाज गेल्याचं दुःख आहे, खोटं कशाला लिहू? पण जायच्या आधी तो एका म्हाताऱ्या माणसाच्या कामी आला. ते तुमच्यामुळं झालं. नापास पोराच्या हाती असं काही द्यावं, हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

एक मागणं आहे. शबीनाला दुसऱ्या कडव्याचा नीट अर्थ हवाय. तो मलाही कधी पुरता कळला नव्हता, नुसता गात होतो. पुढच्या रविवारी सकाळी ती तुम्हाला फोन करेल. तिला समजावून सांगा. आणि ठेवायच्या आधी एकदा मला हाक मारा, बाई, वर्गात मारायचात तशी. मला पूर्वीसारखी ओ देता येणार नाही, पण मी तिथंच बसलेला असेन.

तुमचा,
आफताब